दर पावसाळ्यात सेम्परव्हायव्हम का कुजते? निदान आणि उपाय

डिसेंबरात आणलेले सेम्परव्हायव्हम, म्हणजे गुलाबाच्या फुलासारखा पानांचा गुच्छ असलेले मांसल पानांचे झाड, फेब्रुवारीपर्यंत घट्ट, लालसर आणि देखणे दिसते, मार्चमध्ये त्याचा रंग उतरून ते हिरवे होते, मे महिन्यात आकसते, आणि जूनअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत केव्हातरी त्याची खालची पाने पाणी भरल्यासारखी पारदर्शक होऊन हात लागताच गळू लागतात. त्यानंतर दोन-तीन दिवसांत सगळा गुच्छ बुडापासून सुटून हातात येतो. पुणे, नाशिक आणि आसपासच्या भागातील हौशी बागकाम करणाऱ्यांची ही तक्रार दरवर्षी याच सुमारास ऐकू येते आणि तिच्यावर मिळणारे उत्तरही ठरलेले असते, ते म्हणजे पाणी जास्त झाले. हे उत्तर खोटे नाही, पण ते अपुरे आहे, कारण छपराखाली ठेवलेल्या आणि मोजकेच पाणी दिलेल्या कुंड्यांमध्येही ही मर होते. खरे कारण समजून घेतले तर बरीच झाडे वाचवता येतात, आणि जी वाचणार नाहीत ती कोणती हेही आधीच कळते.

उपायाकडे वळण्यापूर्वी आपल्याकडे नेमके कोणते झाड आहे याची खात्री करावी. रोपवाटिकांमध्ये गुलाबाच्या फुलासारखी पाने मांडलेली जवळजवळ सगळीच झाडे एकाच नावाने विकली जातात, आणि सेम्परव्हायव्हम म्हणून घेतलेले झाड पुष्कळदा मेक्सिकोतील एचेवेरिया निघते. सेम्परव्हायव्हमची पाने तुलनेने पातळ आणि टोकदार असतात, त्यांच्या कडांना बारीक केसांची झालर असते आणि पानांवर सहसा पांढरट भुकटीचा थर नसतो. एचेवेरियाची पाने जाड असतात, बऱ्याच जातींत त्यांच्यावर बोटाने पुसली जाणारी मेणचट भुकटी असते, आणि गळलेल्या एका पानापासून नवे रोप तयार होते. सेम्परव्हायव्हमच्या सुट्या पानापासून रोप मिळवण्याची आशा धरू नये. दोघांनाही पावसाळ्यात कूज होते, परंतु सेम्परव्हायव्हमची उष्ण हवेतील सुस्तावस्था जास्त खोल असते आणि म्हणून त्याचे वेळापत्रक वेगळे ठेवावे लागते. पुढील विवेचन मुख्यतः सेम्परव्हायव्हमचे आहे.

हे झाड आल्प्स, पिरेनीज, कार्पेथियन, बाल्कन, तुर्कस्तान आणि कॉकेशसच्या डोंगरांतले आहे. शून्याखाली २०-३० अंशांची थंडी आणि वर साचलेला बर्फ त्याच्या अनेक जाती सहज सोसतात, म्हणून त्याला काटक म्हणतात. हा काटकपणा थंडीपुरता आहे. तो उष्म्यालाही लागू पडतो असे गृहीत धरले की आपली पहिली चूक होते. दुसरा गैरसमज असा की हे कोरड्या प्रदेशातले झाड आहे आणि पावसाने मरते. आल्प्समधील इन्सब्रुक शहरात वर्षाला सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस आणि बर्फ पडतो, आणि त्यातला बराचसा उन्हाळ्यातच पडतो. पुणे शहराची वार्षिक सरासरी ७५० मिलिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे आकड्यांकडेच पाहायचे तर पुण्यात पाऊस कमी आहे. जुलैचा दिवसही दोन्हीकडे फार वेगळा नसतो, कारण इन्सब्रुकला कमाल तापमान २५ अंशांच्या आसपास जाते आणि पुण्यात ते २८ अंशांच्या आसपास राहते. फरक आहे तो रात्रीचा. इन्सब्रुकला जुलैतली रात्र १३-१४ अंशांपर्यंत उतरते, त्याहून उंचावरील कड्यांवर, जिथे हे झाड रानात वाढते, ती आणखी गार असते, आणि पुण्यात तीच रात्र २२-२३ अंशांवर थांबते.

रात्र एवढी महत्त्वाची का, हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. सेम्परव्हायव्हम ज्या क्रॅस्युलेसी कुळातले आहे, त्या कुळातील अनेक झाडे पाण्याची टंचाई जाणवली की दिवसा पानांची पर्णरंध्रे मिटून घेतात आणि रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात. तो आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसाच्या उजेडात त्याचे अन्न करतात. ही व्यवस्था गार रात्री चांगली चालते. रात्र उबदार राहिली की आत घेतलेला वायू कमी होतो आणि झाडाचा स्वतःचा श्वसनाचा खर्च वाढतो. त्यात पावसाळी ढगांमुळे दिवसाचा उजेडही कमी झालेला असतो. त्यामुळे जून-जुलैत हे झाड अर्धपोटी असते, मुळे जवळजवळ काम थांबवतात आणि कुंडीतले पाणी वापरलेच जात नाही. त्याच वेळी ओल्या आणि कोमट मातीत पिथियम, फायटोफ्थोरा आणि फ्युझेरियम यांसारख्या मूळकुजीच्या रोगकारकांना हवे तसे वातावरण मिळते. झाड मरते ते या दोन गोष्टी एकत्र आल्याने. म्हणून पाणी किती दिले यापेक्षा कुंडी किती तास ओली राहिली, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

युरोपात ही झाडे शतकानुशतके घरांच्या छपरांवर लावली जात आली आहेत. सम्राट शार्लमेनच्या काळातील, म्हणजे इसवी सन ८०० च्या सुमाराच्या, शाही जमिनींविषयीच्या आज्ञापत्रात माळ्याने आपल्या घरावर हे झाड ठेवावे असे सांगितलेले आहे. त्या छपरावर ते कसे वाढते ते लक्षात घ्या: उतार आहे, कौलांच्या सांध्यांत जेमतेम बोटभर माती आहे, पाऊस थांबताच पाणी ओघळून जाते आणि वारा चारही बाजूंनी लागतो. आपल्याला कुंडीत हीच परिस्थिती उभी करायची आहे.

आता निदान. झाडाची पाने वाळली, आकसली किंवा गळली म्हणजे ते कुजलेच असे नाही, आणि चुकीच्या निदानावर केलेला उपाय बऱ्याचदा मूळ आजारापेक्षा जास्त नुकसान करतो. मे महिन्यात गुच्छ मिटून कळीसारखा झाला, बाहेरची पाने कागदासारखी वाळली, पण गाभा कडक आणि हिरवा आहे, तर झाड सुस्तावस्थेत आहे. त्याला काहीही करू नये. झाड तहानलेले आहे असे समजून याच वेळी भरपूर पाणी देणे हे जुलैतल्या मरणाचे सर्वांत मोठे कारण ठरते. गाभा उंच होऊन त्यातून जाड दांडा वर येत असेल, तर गुच्छ फुलोऱ्यावर आला आहे. सेम्परव्हायव्हमचा प्रत्येक गुच्छ एकदाच फुलतो आणि मग मरतो, भोवतीची पिल्ले मागे राहतात. हा रोग नव्हे आणि यावर औषधही नाही. पाने लांबट होऊन एकमेकांपासून दूर गेली आणि गुच्छ सैल झाला, तर उजेड कमी पडतो आहे.

खरी कूज दोन प्रकारची असते आणि त्यांच्यात फरक करणे अगत्याचे आहे. पहिली बुडापासून वर चढते. खालची पाने आधी पिवळसर, मग पारदर्शक होतात, गुच्छ हलवला तर डुलतो, आणि उपटून पाहिल्यास मुळे तपकिरी, ओढताच वरची साल निसटणारी दिसतात. हिचे मूळ कुंडीतल्या मिश्रणात असते. दुसरी गाभ्यातून सुरू होते. मधली कोवळी पाने काळपट होऊन हलक्या ओढीने वर निघतात, पण खालची पाने आणि मुळे अजून ठणठणीत असतात. तिचे कारण गाभ्यात साचून राहिलेले पाणी आणि कोंदट, न हलणारी हवा हे असते. पहिल्या प्रकारात कुंडी बदलली पाहिजे आणि दुसऱ्या प्रकारात जागा. दोन्हींत बुरशीनाशक फवारून कुंडी होती तिथेच ठेवण्याची जी प्रथा पडली आहे, तिने काही साधत नाही. कुजलेल्या भागाला घाण वास येत असेल आणि तो बुळबुळीत झाला असेल तर कूज बहुधा जिवाणूजन्य असते, आणि तिथे बुरशीनाशकाचा तर काहीच उपयोग नाही.

याखेरीज एक कारण हमखास नजरेआड राहते. झाड कारणाशिवाय रोडावत असेल, मिश्रण कोरडे आणि चांगले असेल, तर कुंडीतून काढून मुळे पाहावीत. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या कडेला पांढरा, मेणचट, कापसासारखा थर दिसला तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण आहे. जखमी मुळांतून पुढे कूज शिरते. अशा झाडाची सगळी माती धुऊन टाकावी, प्रादुर्भाव असलेली मुळे कापावीत, झाड सावलीत वाळवावे आणि नव्या मिश्रणात लावावे; जुने मिश्रण दुसऱ्या कुंडीत वापरू नये. पानांच्या बेचक्यातील पिठ्या ढेकणावर कापसाच्या काडीने सर्जिकल स्पिरिट लावणे पुरेसे होते.

मिश्रणाबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण बुडाची कूज येथेच ठरते. दूरच्या डोंगराळ भागातील रोपवाटिकांतून येणारी रोपे वजन हलके राहावे म्हणून बहुतेक वेळा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढवलेली असतात. आपण ते रोप बाहेरून उत्तम खडेदार मिश्रण घालून लावतो, पण मुळांभोवतीचा कोकोपीटचा गोळा तसाच राहतो. बाहेरचे मिश्रण एका दिवसात वाळते आणि आतला गोळा आठवडाभर ओला राहतो, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला कुंडी कोरडी वाटते. नवे रोप आल्यावर हा गोळा कोमट पाण्यात सोडवून पूर्णपणे काढून टाकावा. यात थोडी मुळे तुटतात. ती गार हवेत पुन्हा येतात, म्हणून हे काम नोव्हेंबर ते जानेवारी या काळातच करावे.

कुंडीच्या तळाशी खापऱ्या किंवा खडे पसरले की निचरा सुधारतो हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. बारीक कणांच्या मातीतून पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत तेव्हाच उतरते, जेव्हा वरची माती पूर्ण संपृक्त होते. तोपर्यंत ते मातीच्या तळाशी अडकून राहते. खड्यांचा थर दिल्याने हा ओला पट्टा नाहीसा होत नाही, उलट मुळांच्या अधिक जवळ, वर सरकतो. ओल्या पट्ट्याची उंची मिश्रणाच्या कणांवर अवलंबून असते, म्हणून उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे तळापासून वरपर्यंत सगळे मिश्रण जाड कणांचे ठेवणे. उथळ बशीसारख्या कुंड्या सेम्परव्हायव्हमला शोभतात, पण त्यात बारीक माती भरली तर जवळजवळ सगळी कुंडीच ओल्या पट्ट्यात येते. उथळ कुंडी वापरायची असेल तर मिश्रण आणखी खडबडीत हवे.

महाराष्ट्रात यासाठी परदेशी प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड, मागवण्याची गरज नाही. विटांचा चुरा, खडी केंद्रावरची कच आणि कोकणात सहज मिळणारा जांभ्याचा चुरा ही सर्व सामग्री उपयोगी आहे, मात्र ती चाळूनच घ्यावी. तीन ते सहा मिलिमीटरचे कण ठेवावेत आणि त्याखालची पूड निर्दयपणे फेकून द्यावी, कारण हीच पूड पोकळ्या बुजवते आणि चांगल्या वाटणाऱ्या मिश्रणाला चिखल बनवते. अशा खडेदार मालाचे चार भाग आणि पूर्ण कुजलेले, चाळलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत एक भाग, एवढे पुरते. पुण्याकडची तांबडी माती किंवा काळी माती यात घालू नये. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे ओल आहे पण हवाही खेळते अशी स्थिती, ती या मिश्रणात पाणी दिल्यावर काही मिनिटांतच यायला हवी. तपासणी सोपी आहे: भरपूर पाणी देऊन कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यावा, आणि पावसाळी हवेत तीच कुंडी पुन्हा कोरड्या कुंडीइतकी हलकी व्हायला किती दिवस लागतात ते पाहावे. दोन-तीन दिवस ठीक आहे. पाच-सहा दिवस लागत असतील तर ते मिश्रण पावसाळ्यापूर्वी बदलावे. कुंडी भाजलेल्या मातीची, न रंगवलेली असावी. प्लॅस्टिकची काळी कुंडी मे महिन्यात गच्चीवर तापते आणि त्यात ओल असेल तर मुळे अक्षरशः शिजतात.

या झाडांना आमच्या हवेत सर्वांत घातक काळ कोणता, असे विचारले तर मी श्रावणातल्या रिपरिपीपेक्षा वळवाच्या पावसाकडे बोट दाखवीन. महिनाभर तापलेली, कोरडी कुंडी, तिच्यात झोपलेले झाड, आणि त्यावर अर्ध्या तासात पडलेला मुसळधार पाऊस. दुसऱ्या दिवशी पुन्हा कडक ऊन. खालच्या कुजीची सुरुवात कित्येकदा येथे होते आणि तिची लक्षणे दोन-तीन आठवड्यांनी, मृगाच्या पावसात दिसतात, त्यामुळे दोष मृगाला दिला जातो. म्हणून छप्पर जूनमध्ये नव्हे, तर एप्रिलच्या अखेरीसच तयार हवे. पारदर्शक पत्रा किंवा जाड प्लॅस्टिक चालते, पण ते झाडांपासून किमान दोन-तीन फूट वर असावे आणि चारही बाजू उघड्या असाव्यात. बाजू बंद केल्या की आत दमट भट्टी तयार होते आणि पत्र्याला साचलेले थेंब रात्रभर गाभ्यात पडत राहतात. पुण्यातील अनेक इमारतींत पूर्वेचा उघडा कठडा उपलब्ध असतो. सकाळचे ऊन, दुपारची सावली आणि वाहता वारा तेथे एकत्र मिळतात. छप्पर देणे शक्य नसेल तर कुंडी विटेवर ठेवून एका बाजूला स्पष्ट तिरपी करावी, म्हणजे तळाचा ओला पट्टा एका कोपऱ्यात गोळा होऊन छिद्रातून निघून जातो. ही युक्ती फुकट आहे आणि ती खरोखर काम करते.

त्याच एप्रिलमध्ये प्रत्येक गुच्छाखालची वाळकी पाने चिमट्याने काढून टाकावीत. युरोपच्या थंडीत हा वाळका थर निरुपद्रवी असतो, पण आपल्याकडे तो पावसाळ्यात ओल धरून खोडाला चिकटून राहतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे केस असलेल्या अरॅक्नॉइडियम जातीकडे अधिक लक्ष द्यावे, कारण त्या केसांत पाणी अडकते. मैदानी भागात ही जात टिकवणे सर्वांत कठीण आहे आणि नवख्या माणसाने तिच्यापासून सुरुवात करू नये. फेब्रुवारीनंतर नत्रयुक्त खत देऊ नये.

जून ते सप्टेंबर या काळात पाणी जवळपास बंदच ठेवावे. सलग उघडीप मिळाली आणि पाने मऊ पडून सुरकुतली तरच सकाळी, कुंडीच्या कडेने, थोडे पाणी द्यावे. संध्याकाळी देऊ नये.

कूज सुरू झालेलीच असेल तर वेळ न दवडता झाड उपटावे. खालची सर्व मऊ पाने काढावीत, स्पिरिटने पुसलेल्या धारदार पात्याने खोड आडवे कापावे आणि काप नीट पाहावा. कापावर तपकिरी ठिपका किंवा वलय दिसत असेल तर आणखी वर कापावे, प्रत्येक वेळी पाते पुसावे, आणि काप पूर्णपणे स्वच्छ, फिकट हिरवट दिसेपर्यंत हे करीत राहावे. तपकिरी धागा गाभ्यापर्यंत गेला असेल तर ते झाड सोडून द्यावे आणि त्याची पिल्ले तपासावीत, कारण मातृगुच्छाला जोडणारा दांडा वाळलेला असेल तर पिल्ले बहुधा सुखरूप असतात. स्वच्छ गुच्छ पंख्याच्या वाऱ्यावर, सावलीत चार-पाच दिवस उघडा ठेवावा. दमट हवेत काप वाळायला जास्त दिवस लागले तर थांबावे. मग तो कोरड्या खडेदार मिश्रणावर नुसता टेकवावा आणि मुळे दिसेपर्यंत पाणी देऊ नये. कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब या बुरशीनाशकांच्या मिश्रणाची भुकटी लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात घेऊन शेजारच्या कुंड्यांवर एकदा फवारायला हरकत नाही, मात्र हातमोजे आणि मुखपट्टी वापरूनच.

एवढे सगळे करूनही मुंबई, ठाणे आणि कोकण किनाऱ्यावर सेम्परव्हायव्हम वर्षानुवर्षे टिकवण्याचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे पावसाळ्यातली रात्र २५ अंशांच्या आसपास राहते, हिवाळाही या झाडाला पुरेसा गार नसतो, आणि झाड दरवर्षी लहान होत जाते. तेथील हौशी मंडळींनी ग्रॅप्टोपेटॅलम पॅराग्वेयेन्स लावावे. ते दिसायला याच्याच जवळचे आहे, उष्म्याला अधिक सोशिक आहे आणि गळलेल्या पानापासूनही उगवते. महाबळेश्वर, पाचगणी येथे रात्री गार असतात, पण पाऊस आणि धुके इतके की छपराशिवाय तेथेही गत्यंतर नाही.

युरोपात किंवा उत्तर अमेरिकेच्या थंड भागात राहणाऱ्या मराठी वाचकांची अडचण याच्या नेमकी उलट असते. थंडी पडली की मायेने कुंडी घरात, गरम केलेल्या दिवाणखान्यात आणली जाते, आणि कमी उजेडात व उबेत ते झाड लांबट, फिकट होऊन वसंतापर्यंत कोलमडते. ते बाहेरच ठेवावे. बर्फ त्याचे काही बिघडवत नाही. तिकडे पाने एकाएकी उभी, लांब आणि फिकट होऊन त्यांच्यावर नारिंगी फोड दिसले तर तो एंडोफिलम नावाचा तांबेरा आहे, आणि असा गुच्छ लगेच काढून नष्ट करावा.

आपल्याकडे पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरचा उष्मा ओसरून रात्री १८ अंशांच्या खाली येऊ लागल्या की गाभ्यात नवी, लहान, तजेलदार पाने दिसू लागतात. ती दिसेपर्यंत पाणी वाढवू नये. दिसल्यावर कुंडी छिद्रातून पाणी वाहेपर्यंत एकदा भिजवावी, ती पूर्ण कोरडी झाल्यावरच पुन्हा भिजवावी, आणि ऊन हळूहळू वाढवत नेऊन पूर्ण दिवसाचे करावे. झाडाचा लाल रंग याच गार रात्री आणि भरपूर उन्हात परततो. नोव्हेंबरमध्ये पिल्ले वेगळी करून निदान दोन वेगवेगळ्या जागी लावावीत, एक छपराखाली आणि एक वाऱ्याच्या कठड्यावर, म्हणजे पुढच्या जुलैत एका जागेवर कूज आली तरी जात हातची जाणार नाही आणि आपल्या घरातील कोणती जागा या झाडाला मानवते तेही कळेल.